पेशन्सचे उसवलेले वय

अमेरिकेतल्या शाळकरी मुलींनी दीड-दोनशे वर्षांपूर्वी भरलेल्या कापडांची मी कुवेतमध्ये जवळजवळ दशकभर निगा राखली. लग्नाच्या पंगतीत कुणी 'आपण काय करत होता?' असे विचारले आणि मी हे वाक्य उच्चारले, की समोरची व्यक्ती आधी माझ्याकडे पाहते, मग माझ्या नवऱ्याकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर 'हो, खरे आहे' असे वाचल्यावरच पुढचा घास घेते. कुवेत म्हटले की इतरांना तेल आठवते. मला रेशीम आठवते, आणि जुन्या लिननचा तो वास: वाळलेल्या गवताचा, किंचित आंबूस, बंद पेटीतून अचानक येणाऱ्या श्वासासारखा.

या कापडांना इंग्रजीत सँपलर म्हणतात. मी मनाशी त्यांना नमुनापट म्हणत असे. त्या काळी तिकडे मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या हाती लिननचा तुकडा आणि सुई देत. तिने त्यावर मुळाक्षरे भरायची, आकडे भरायचे, एक घर, दोन झाडे, चार पक्षी आणि एक बोधपर पद्य. शेवटी स्वतःचे नाव, वय आणि साल. म्हणजे एकाच कापडावर अंकलिपी, शिवणाची परीक्षा आणि स्थळाला दाखवायची लायकी. पद्ये बहुतेक मृत्यूवर. नऊ वर्षांची पोर आपल्या थडग्याविषयी फुलीटाक्यात लिहिते आहे आणि शेजारी गुलाबी ससा उडी मारतो आहे, असे दृश्य माझ्यासारख्या कवितेवर एम.ए. केलेल्या बाईने पाहिले की तिला पहिल्यांदा कळते, यमक जुळवण्यासाठी माणसे कोणत्या थराला जातात.

हा संग्रह मिसेस हॅडली यांचा. त्यांचे यजमान तेलविहिरींचे इंजिनिअर. आखाती युद्धानंतर जळत्या विहिरी विझल्या आणि दुरुस्तीची कामे निघाली, तेव्हा ते दोघे कुवेतला आले. इतर बायका कंटेनरमधून सोफे आणत. मिसेस हॅडलींनी एकतीस नमुनापट आणले. "माझ्या बहिणींच्या हाती मी नवरा सोपवीन, हे नाही," असे त्या म्हणत. सुपरमार्केटच्या फळ्यावर त्यांनी चिठ्ठी लावली होती: सुवाच्य अक्षराची, सावकाश हालचालींची बाई पाहिजे. लग्नाआधी मी मुंबईत एका संग्रहालयाच्या वस्त्रविभागात तीन वर्षे काढली होती. अक्षर बरे होते, आणि सावकाशपणाबद्दल सासरी माझा लौकिक होताच. मुलाखतीत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. रेशमाचा एक गुंता पुढे ठेवला आणि त्या बागेत निघून गेल्या. तासाभराने परतल्या तेव्हा गुंता सुटलेला होता आणि मी दोऱ्याचे रंग मोजत बसले होते. "उद्यापासून ये, सू," त्या म्हणाल्या. सुलभा हे नाव त्यांना एका भेटीसाठी फार लांब वाटले असावे.

कामाचे स्वरूप सांगते. प्रत्येक पटाचे एक कार्ड करायचे. लांबी-रुंदी, इंचात किती धागे, कोणते टाके, कोणते रंग, मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. डाग, भोके, जुन्या दुरुस्त्या. खाली माझी सही आणि मालकिणीची सही. नियम एकच: दिसते ते लिहायचे, असावेसे वाटते ते नाही. माझे पहिले कार्ड लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ होऊन परत आले. एका हिरवळीविषयी मी 'पावसाची वाट पाहणारा हिरवा' असे लिहिले होते. समासात शेरा होता: "कविता काढ. इंच घाल."

निगा राखणे त्याहून कठीण. मिसेस हॅडलींचे म्हणणे, कुवेतची कोरडी हवा कापडाला उत्तम. ते खरे, पण ऑगस्टमध्ये समुद्रावरून दमट, ओला कांबळा पांघरल्यासारखी हवा येते, आणि एरवी तोझ येते. तोझ म्हणजे तिकडचे धुळीचे वादळ. आकाश आधी लिंबाच्या सालीसारखे होते, मग हळदीसारखे, मग विटेसारखे. आणि पिठाहून बारीक धूळ खिडकीच्या रबरातून, कुलपाच्या भोकातून, दातांच्या फटीतून आत येते. पटांच्या पाठीला लावायला मी मुंबईहून मांजरपाट आणत असे. खळ पूर्ण जाईपर्यंत तो सहा वेळा धुवायचा. मोलकरणींना वाटे, मॅडमची ही हिंदी बाई एकच कापड पुन्हा पुन्हा धुते, बिचारीचे काहीतरी बिघडले आहे.

पण खरी गंमत उलट्या बाजूला. समोरचे रंग उजेडाने उडालेले असतात. पाठ मात्र दोनशे वर्षे अंधारात राहिलेली. पट उलटला की निळा अचानक निळा होतो. आणि तिथेच मुली पकडल्या जातात. एका पटावर शाळेच्या दारात बाईंची इंचभर आकृती होती, हातात छडी. मी पाठ पाहिली, तर छडीच्या जागी आधी साप भरलेला! बाईंनी तो पाहिला असणार आणि बदलायला लावला असणार. पुढून छडी झाली. पाठीमागे सापाचा लाल डोळा अजून शाबूत होता. कार्डावर मी लिहिले: 'छडीखाली पूर्वीचे भरतकाम, लाल रेशमाचे दोन टाके.' सापाला मी साप म्हटले नाही. इतकी मी तयार झाले होते.

एक पट मात्र माझ्या हाती बरीच वर्षे आला नाही. तो मिसेस हॅडलींच्या शयनगृहात पलंगासमोर टांगलेला असे. तो पेशन्स नावाच्या मुलीचा, म्हणजे त्यांच्या आजीच्या आजीचा. घराण्यातली आख्यायिका अशी, की पेशन्सने तो नवव्या वर्षी पूर्ण केला. वर अक्षरांच्या चार ओळी, मध्ये वाकड्या कानांचा ससा, आणि खाली ओळ होती: 'पेशन्सने हे भरले, वय...' आणि पुढे मोकळे लिनन. आकडा नव्हता, सालही नव्हते.

इराकमध्ये पुन्हा युद्ध होणार, अशा बातम्या रोज येऊ लागल्या, तेव्हा हॅडली दांपत्याने कुवेत सोडायचे ठरवले. त्यांच्या गावच्या एका लहान संग्रहालयाने पट घ्यायची तयारी दाखवली. पण तिथली तज्ज्ञ बाई स्वतः येऊन आधी कार्डे तपासणार होती. कार्डे विश्वासार्ह वाटली तर एकतीसच्या एकतीस एकत्र राहतील. नाही तर त्यांवर हक्क सांगणाऱ्या बहिणी लिलाव करून पैसे वाटून घेणार, हे ठरलेलेच होते. मिसेस हॅडलींना झोप लागेना. मलाही. त्या मुली आता माझ्याही कुणीतरी लागत होत्या.

तज्ज्ञ बाई मंगळवारी येणार होती. त्याच्या आदल्या आठवड्यात पेशन्स अखेर भिंतीवरून उतरली. मी काचेवर तिरपी विजेरी धरली आणि मोकळ्या जागेत सुईची बारीक भोके चमकली.

"मॅडम, इथे आकडे होते."

"कसरीने खाल्ले," मिसेस हॅडली म्हणाल्या.

"कसर रांगेत खात नाही, मॅडम. आणि आकड्यांच्या आकारात तर नाहीच. इतकी शिकलेली कसर मी पाहिलेली नाही."

"सू, नऊ. नऊसाठी एकच आकडा लागतो. लिही, कसर."

"इथे दोन आकड्यांची जागा आहे."

त्यांनी माझ्या हातातली विजेरी विझवली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मी त्या काळात कुणालाही सांगितली नाही. पटांसाठी परदेशातून येणारे कागद कस्टममधून सोडवायला त्या मला आपला बताका देत. बताका म्हणजे तिथले सरकारी ओळखपत्र; त्यावर जन्मतारीख असते. क्लबात त्यांनी मेणबत्त्या फुंकून साठी साजरी केली, त्या वर्षी बताक्याच्या हिशेबाने त्या सहासष्ट होत्या. दिसते ते लिहायचे हा नियम. पण दिसते ते बोलायचे असा नियम नव्हता.

पटाची जुनी चौकट बदलणे भाग होते. ओकच्या फळीचा आम्ल डाग कापडावर उतरत होता. कुवेतच्या राई नावाच्या भागात हमीदभाईंचे फ्रेमचे दुकान होते. हमीदभाई राजापूरकडचे, हात पिसासारखा हलका. खिळे गंजून लाकडात बसले होते, म्हणून चौकट त्यांच्याच टेबलावर उघडली. मी कापड सोडवले, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले आणि पट कागदाच्या घड्यांत पेटीत ठेवला. तेवढ्यात दुकानाच्या काचेबाहेरचा रस्ता पिवळा झाला. तोझ! माझ्या मुलीच्या शाळेतून फोन आला, लगेच घेऊन जा. अशा हवेत पट बाहेर काढणे म्हणजे त्याला कणकेत लोळवणे. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे मी कापड परक्या छपराखाली ठेवले.

"हमीदभाई, पेटीला हात लावायचा नाही."

"वैनी, बिनघोर जावा. अल्लाची आन, मी हात लावनार नाय."

धूळ दोन दिवस बसली नाही. शनिवारी सकाळी मी दुकानात गेले, तर हमीदभाईंच्या चेहऱ्यावर बक्षीस मिळालेल्या विद्यार्थ्याचे हसू.

"वैनी, डोले मिटा. आता उघडा."

मी उघडले. 'पेशन्सने हे भरले, वय १७.' इंग्रजी आकडे, फिक्या निळ्या रेशमात. इतके जुने, इतके स्वाभाविक, की क्षणभर वाटले, आपणच आजवर आंधळे होतो.

"हमीदभाई! हात लावणार नव्हता ना?"

"मी कुठं लावला? दाऊदचाच्यांनी लावला. जुम्म्याला नमाजानंतर जेवाया आलेले. मी बोललो, वैनींचा काम बगा काय झ्याक. त्यांनी बगितला नि बोलले, हमीद, एवढा देखना काम नि मधीच भगदाड? वैनींना भेट म्हनून भरून देतो."

दाऊदचाचा कुवेतच्याच हवल्ली भागात रफूगर होते. अरबांचे तलम झगे, बिश्त, त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. आणि झगा परत नेताना मालक फाटलेली जागा शोधत बसे. रफूगराचा सगळा अभिमान त्या शोधण्यातच असतो. त्याला लिहिता-वाचता येण्याची गरज नसते. दाऊदचाचांना इंग्रजी आकडे येत नव्हते. त्यांनी भोके वाचली होती. आणि धागा? रफूगर धागा बाजारातून आणत नाही. त्याच कापडाच्या झाकलेल्या शिवणीतून काढतो. मी पट उलटला, माझ्या फोटोशी ताडून पाहिला: पाठीमागे लोंबणाऱ्या, मूळच्याच फिक्या निळ्या धाग्यांपैकी तीन नाहीसे झाले होते. पेशन्सच्याच रेशमात, पेशन्सच्याच भोकांत, पेशन्सचेच वय. जगातल्या कोणत्याही भिंगाला हे पकडता आले नसते.

पट छातीशी धरून मी मिसेस हॅडलींकडे गेले. वाटेत तीन खोटी वाक्ये तयार केली आणि दारात तिन्ही विसरले. त्यांनी चष्मा चढवला.

"सतरा," त्या म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"ज्याला आकडे वाचता येत नाहीत अशा माणसानं."

"म्हणजे त्याला खोटंही बोलता येणार नाही." त्या खुर्चीत बसल्या. "सतरा वर्षांची घोडी, आणि सशाचे कान असे? आमच्या घराण्याची बुद्धिमान मुलगी मंद होती तर!"

"मॅडम, हे मला उसवायला हवं."

"अर्थात! आणि कार्डावर नऊ."

"नाही. कार्डावर भोकं."

आमच्या दोघींचे उसवण्यावर एकमत होते आणि कारणावर अजिबात नव्हते. त्यांना सतरा नको होते. मला दाऊदचाचांचे सतरा नको होते. कारण ते आकडे काळाने खाल्लेले नव्हते; कुणीतरी धारदार टोकाने, एकही लिननचा धागा न दुखावता, वरच्या बाजूने उचलून काढले होते. असे अनेक पट आहेत. मुली मोठ्या होत, आज्या होत. दिवाणखान्यात टांगलेला पट येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांचे वय बेधडक सांगत राही. मग एके दुपारी घरात कुणी नसताना त्या कात्री घेत. पेशन्सने भरले तेवढेच पेशन्सचे नव्हे; तिने उसवले तेही तिचेच हस्तकौशल्य होते. तिचा शेवटचा टाका तो. आणि आमच्या भल्या दाऊदचाचांनी नेमका तोच पुसला होता.

रविवारी सकाळी उत्तरेच्या खिडकीशी बसले. सुई, चिमटा, भिंग. रेशीम लिननमधून निघताना एक आवाज करते. ऐकू येत नाही, बोटांना कळतो, मांजरीच्या जिभेसारखा खरखरीत. दाऊदचाचांचा एकेक टाका काढताना मला लाज वाटत होती. इतकी सुंदर गोष्ट मी आजवर नष्ट केली नव्हती. शेवटचा टाका निघाला आणि पेशन्स पुन्हा बिनवयाची झाली. मला वाटले, एका अनोळखी बाईच्या साडीचा पदर मी सरळ करून दिला आहे.

उसवलेले धागे पाकिटात घालायला पट उलटला, आणि हात थांबला. वरच्या चार ओळी आणि ससा यांच्या पाठीमागे गाठीच गाठी, भेलकांडणारे टाके, तीन-तीन धाग्यांवर घेतलेले. सशाच्या खाली एकही गाठ नाही. टाके दोन धाग्यांवर, मोजून घेतल्यासारखे. वर एक हात होता आणि खाली दुसरा. किंवा एकच हात, मध्ये पुष्कळ वर्षे गेलेली.

मी मिसेस हॅडलींना बोलावले आणि बोट न लावता दाखवले. त्या कितीतरी वेळ वाकून पाहत होत्या.

"नवव्या वर्षी सुरू केलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ससा झाल्यावर फेकून दिलं."

"ते मला माहीत नाही, मॅडम."

"मला माहीत आहे. मीही तेच केलं असतं. सू, लिही ना हे!"

"दिसतं ते लिहायचं. नियम तुमचा आहे."

मी कार्ड लिहिले. वयाचे आकडे मुद्दाम उसवलेले, भोकांवरून १७. सशापर्यंतचा वरचा भाग व त्याखालचा भाग यांच्या टाक्यांत स्पष्ट फरक. अलीकडे भरून पुन्हा उसवले, धागे पाकिटात, चूक माझी. खाली सही केली आणि कार्ड त्यांच्यापुढे सरकवले. 'अलीकडे'पासून सुरू होणाऱ्या त्या वाक्याने एकतीसच्या एकतीस कार्डांवरचा विश्वास उडू शकत होता. ते आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

"हे शेवटचं वाक्य गाळलंस तर कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही."

त्यांनी पेनचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. "सतराचा आकडा तरी ठेवायलाच हवा का? बाईमाणसाच्या वयाबद्दल थोडी सभ्यता..." आणि माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत होते, अतिशय सभ्यपणे. "तू माझा बताका पाहिला आहेस," त्या म्हणाल्या.

"कस्टमच्या माणसाने पाहिला. मी फक्त धरला होता."

त्या हसल्या. दशकभरात इतक्या मोकळेपणी हसताना मी त्यांना पाहिले नव्हते. आणि सही केली.

मंगळवारी तज्ज्ञ बाई आली; बारीक, कोरडी, पेन्सिलीसारखी. तिने तीस कार्डे मुकाट्याने वाचली. एकतिसाव्याशी थांबली. पाकीट उघडले, धागे मोजले, पट उलटला, सुलटला. आम्ही दोघी शेजारी शेजारी निकालाच्या दिवशीच्या पोरींसारख्या उभ्या होतो. "ज्या संग्रहात चुका लिहून ठेवलेल्या असतात," ती म्हणाली, "तिथे बाकीचं मला पुन्हा मोजावं लागत नाही. सगळे पट न्यायला माणूस कधी पाठवू?" मिसेस हॅडलींनी माझा हात इतका जोरात दाबला की तो दिवसभर दुखला.

एक काम मात्र उरले होते, ते मला मुळीच करायचे नव्हते. हवल्लीत दाऊदचाचांच्या टीचभर दुकानात मी वेताच्या मोड्यावर बसले. त्यांनी काळा चहा मागवला. मी सांगितले.

त्यांचा हात झग्यावर थांबला. "कुठं दिसत होता काय, वैनी?"

"नाही, चाचा. कुठेही नाही."

"मंग का उसवलास?"

"दिसत नव्हता म्हणूनच."

हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. मलाही त्या क्षणी पटले नाही. पन्नास वर्षांत त्यांचे काम कुणी उसवले नव्हते. मी घाईघाईने पेशन्सची हकिगत सांगितली: मोठी झाली, म्हातारी झाली, आणि वय झाकायला तिने स्वतःच आकडे काढले.

"सोतानं काढलान?"

"स्वतः."

त्यांचे खांदे हलू लागले, मग चष्मा नाकावरून झग्यात पडला. डोळे पुसत त्यांनी दाराकडे पाहिले आणि माझ्याकडे वाकले. "वैनी, पासपोर्टात मी अजून पंचावन्नचा हाय. खरा वय सांगितला असता तर म्हातारा म्हनून कवाच विमानात बसवला असता." मग पुन्हा सुई उचलून म्हणाले, "बरा केलास. तिनं झाकलेला मी उघडा केला. अल्ला माफ करो."

तरी निघताना त्यांनी मला पायरीपर्यंत सोडले नाही, एरवी सोडत. ते मला अजून टोचते. चाचांच्या हातचे ते धागे आज त्या परदेशी संग्रहालयात एका पाकिटात आहेत. पाकिटावर त्यांचे नाव मी लिहिले नाही; विसरले म्हणून नव्हे, पासपोर्टखात्याच्या हाती जाऊ नये म्हणून.

या लेखाबरोबर संपादकांनी लेखिकेचा परिचय मागवला होता, जन्मवर्षासह. मी ते लिहिले होते, अगदी ठळक अक्षरांत. मग घरात कुणी नसताना, टोकदार रबराने, एकेक आकडा अलगद उचलून काढला. हस्तलिखित तिरप्या उजेडात धरले तर वळ दिसतील. पण संपादक सभ्य गृहस्थ आहेत. ते कागद सपाट ठेवतील अशी माझी खात्री आहे.